पासबुकातल्या न वाचलेल्या ओळी

३ सप्टेंबर, रविवार

दादा,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. बँकेने चालू खात्यांना महिन्याचा आकार लावला, पण बाबांच्या दुकानाच्या खात्याला तो लागत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. लागतो. एप्रिलपासून लागतो. दर पंचवीस तारखेला दीडशे कापले जातात. तू सहज विचारलं होतंस, मी सहज 'नाही' लिहून पाकीट चिकटवलं, आणि तेव्हापासून ते 'नाही' चपलेतल्या खड्यासारखं टोचतंय.

हा चौथा कागद आहे. पहिले तीन फाडले, कारण तिन्हींत मी फार शहाणी दिसत होते.

मला नोकरी लागली ते दिवस तुला आठवत असतील. नव्या माणसाने पाच खाती आणायची, असा तेव्हाच्या साहेबांचा आग्रह होता आणि आपल्या गोतावळ्यात बँकेची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. बाबा शिलाई मशीनच्या दुरुस्तीचे पैसे बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. मी म्हटलं, "दुकानाच्या नावाने चालू खातं उघडा. एक पैसा लागणार नाही." ते म्हणाले, "तुझ्या शब्दावर उघडतोय हं, मास्तरीणबाई." मग सुयांच्या रिकाम्या पाकिटांवर पंधरा दिवस सही गिरवली त्यांनी. अंगठा लावायला तयार नव्हते. मुलगी बँकेत आणि बाप अंगठ्यावर, हे दिसायला बरं नाही म्हणाले.

मार्चमध्ये वरून पत्रक आलं. ते फळ्यावर मीच लावलं, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. त्या महिन्यात खिडकीवर मी जेवढं ऐकून घेतलं तेवढं शाळेतही ऐकलं नव्हतं. बर्फाच्या कारखान्याचे मालक म्हणाले, "आमचाच पैसा वापरून तुम्ही कमावणार, वर आम्हीच तुम्हाला भाडं द्यायचं? हे म्हणजे म्हशीने गवळ्याला दूध काढायची मजुरी देण्यासारखं झालं!" रांगेतले सगळे हसले. त्यांच्या मागे मोटार शिकवणारे काका होते, ते म्हणाले, "फुकट काही नसतं हो. फुकट म्हणजे दुसरा कोणीतरी भरत असतो, एवढंच." मला दोघांचंही पटलं. हेच माझं दुखणं आहे, मला नेहमी दोघांचंही पटतं.

पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक सोय होती. ज्यांची उलाढाल थोडी, त्यांनी अर्ज केला तर साध्या खात्यात जाता येतं. तिथे आकार नाही, फक्त महिन्याला वीसच व्यवहार करता येतात. ती बाजू कोणी वाचत नव्हतं. मी माझ्या खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक छोट्या दुकानदाराला पत्रक उलटं करून दाखवलं. मोजून एकशे चौदा जणांना. बाबांना नाही.

का, ते सांगते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं, की नातेवाइकांच्या खात्याचं काम आपण करायचं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला, की घरी येऊन सांगणंही त्यातच आलं. परक्याला सांगितलं तर ते काम, बापाला सांगितलं तर ती वशिलेबाजी. हसू नकोस. तू मला काळजीवाहू म्हणतोस ते काही उगाच नाही.

पण "एक पैसा लागणार नाही" हा शब्दही माझाच होता. तो कसा मोडायचा? म्हणून सव्वीस एप्रिलला, माझ्या पगारातून, मी बाबांच्या खात्यात दीडशे भरले. माझ्या खिडकीवर नाही, शेजारच्या ताईंच्या खिडकीवर, रांगेत उभी राहून. मे, जून, जुलै आणि ऑगस्टमध्येही तेच केलं.

पासबुकाचा रविवार तुला माहीतच आहे. महिन्यातला पहिला रविवार, चहा झाल्यावर बाबा साबणाने दोनदा हात धुतात, आई शेंगा सोलायची थांबते आणि मी महिनाभराच्या ओळी मोठ्याने वाचते. कोणाकडून आले, कोणाला गेले. बाबा प्रत्येक ओळीला मान हलवतात, जणू वर्गात हजेरी चालली आहे. गेले पाच महिने मी त्यातल्या दोन ओळी गाळत आले. गेलेले दीडशे आणि आलेले दीडशे. शिल्लक तर तीच राहते, मग वाचून कोणाचं भलं, असं मनाला समजावत होते. बाबांना अक्षरं येत नाहीत. पण आकडे येतात, हे मी विसरले. अकरा नंबरची सुई आणि चौदा नंबरची सुई यांतला फरक जो माणूस डोळे मिटून सांगतो, त्याच्यापासून मी आकडा लपवत होते.

आज वाचून झालं, मी पासबुक मिटायला गेले, तर त्यांनी पानावर बोट ठेवलं. दोनदा धुतलेलं, तरी नखात तेलाची काळी रेघ असलेलं.

"ही वाचली नाहीस."

मी पानाची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

"आणि ही. दर महिन्याला नाही वाचत."

मी काहीतरी कारण जुळवू लागले. तेवढ्यात त्यांनीच बोट उचललं. "राहू दे. तुला अवघड वाटतं ते कळतं मला." असं म्हणून दुकानात गेले. जाताना चक्क शीळ घालत होते.

पैसे कोणाचे, याचा त्यांनी आपल्या मनाने अंदाज बांधलाय. तो चुकीचा आहे. एवढंच आज लिहिते.

आई बरी आहे. मीही बरी आहे, खरंच. जेवण जातं, झोप लागते.

तुझी,
काळजीवाहू


१० सप्टेंबर, रविवार

दादा,

आईने सकाळी विचारलं, "दादाला सगळं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "हो." म्हणजे मागच्या पत्रातली अर्धवट गोष्ट आता घरातलंही खोटं झाली. म्हणून तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

बाबांना वाटतं, ते दीडशे तू पाठवतोस.

लिहिलं एकदाचं. आता पाणी पिऊन येते.

हे मला आईकडून कळलं. मेमध्येच त्यांच्या लक्षात आलं होतं. आईला म्हणाले, "बँक दीडशे कापते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच येतात. मोठी रक्कम पाठवली असती तर मी परत केली असती, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून नेमके खर्चापुरते पाठवतो. बापाचा मान राखून कसं द्यायचं ते शिकलं पोरगं." मी त्या ओळी वाचत नाही, कारण त्यांच्यासमोर तुझं नाव काढायला मी घाबरते, असा त्यांचा समज आहे. खात्याचा नंबर तुला पाठ आहेच, आणि आकाराचं मीच पत्रात कळवलं असणार, असंही त्यांनी जुळवून घेतलंय. बघ, आकडा बरोबर, हिशेबाची रीत बरोबर, फक्त उत्तर चुकलं.

तू परगावी लिफ्टच्या देखभालीच्या कामाला गेलास त्या दिवसापासून तीन वर्षं या घरात तुझं नाव 'तो' होतं. ते कसं झालं, याची मला जेवढी आठवण आहे तेवढी लिहून ठेवते, चुकत असेल तर दुरुस्त कर. तू म्हणालास, शिंप्यांकडून दर महिन्याला ठरावीक पैसे घेऊ आणि बिघडायच्या आधीच जाऊन मशीन साफ करून, तेल घालून येऊ. बाबा म्हणाले, "ज्या दिवशी मी हात लावला नाही, त्या दिवसाचे पैसे माझे नाहीत." तू वाद थांबवलास. आणि मग त्यांना न सांगता अकरा शिंप्यांकडून पहिल्या महिन्याचे पैसे घेऊन आलास. बाबा त्याच दिवशी अकरा दारांत जाऊन ते परत देऊन आले. प्रत्येक दारात म्हणाले, "मुलाची चूक झाली." मी बरोबर होते. यादी वाचायला मला नेलं होतं. तुझ्या चुकीची यादी मी वाचली, दादा, हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. सातवीत वह्या बांधून तू दुकानात बसलास म्हणून मी ती वाचण्याइतकी शिकले, हेही त्या अकरा दारांत मला आठवत होतं.

आता ऐक, घरात काय काय बदललंय. तुझा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर खणात होता, तो परत फळीवरच्या खिळ्याला लागलाय. नाक्यावर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकू आहेत ना, त्यांना बाबांनी सांगितलं, "आमचा लिफ्टवाला आहे तिकडे. न चुकता आठवण ठेवतो." काकू म्हणाल्या, "मग येत का नाही तुमचा लिफ्टवाला? लिफ्ट वर-खालीच जाते, घराकडे येत नाही वाटतं?" बाबा हसले. तीन वर्षांनी तुझ्यावरून कोणी थट्टा केली आणि ते हसले.

म्हणून मी गप्प बसले. म्हणजे आता नुसती ओळ गाळत नाहीये, तुझं श्रेय तुला न विचारता तुझ्या नावावर जमा करतेय. हे जास्त वाईट की कमी, मला ठरवता येत नाही. आनंद तर होतोय, आणि तो आनंद वापरायची मला परवानगी नाही, असं काहीतरी वाटतंय.

खरं सांगितलं तर तो स्क्रूड्रायव्हर पुन्हा खणात जाईल, याची भीती वाटते. दुसरी कसलीच नाही.

तुझी,
काळजीवाहू


१९ सप्टेंबर, मंगळवार

दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आधी ओरडशील असं वाटलं होतं. तू चक्क अर्धं पान हसला आहेस. "एकशे चौदा जणांना सांगितलं आणि बापाला नाही, तुझा पुतळा उभारायला हवा, तोही रांगेत," हे वाक्य मी ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी पाण्याचा घोट बाहेर उडवला.

पण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींनी माझी झोप उडवली. तू चौदा तारखेला बाबांच्या खात्यात खरंच दीडशे पाठवलेस आणि लिहिलंस, "घे, आता खरं झालं. यापुढे मी पाठवत जाईन. तू भरू नकोस, सांगूही नकोस. म्हातारा खूश, तू सुटलीस, मी सुटलो."

दादा, हे इतकं सोपं आणि इतकं चांगलं आहे, की मी रात्रभर त्यात खोट शोधत होते. सापडली ती काल दुपारी, बाबांच्याच तोंडून.

काल बाबा बँकेत आले. इस्त्रीचा शर्ट घालून, टोकन घेऊन, बाकावर बसून राहिले. एकेचाळीस नंबर. मला ओळख दाखवली नाही. कामावर असलेल्या माणसाला 'अगं' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. नंबर आला तेव्हा ताईंच्या खिडकीशी गेले, म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर.

"बाई, एक विचारायचं होतं. मी ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी तुमची ही बँक माझ्यासाठी काय करते?"

ताई म्हणाल्या, "तुमची वाट बघते, काका."

"वाट बघायचे दीडशे?"

मागचे दोघंतिघं हसले. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मी सांगू का?"

"सांगा ना बाई," बाबा म्हणाले. मला. अहो-जाहो करून. मला हसू येत होतं.

मी सांगितलं. तुम्ही येत नाही त्या दिवशीही कोणी तुम्हाला पैसे पाठवले तर ते जमा होतात. तुम्ही दिलेला चेक कोणी कुठेही भरला तर तो वटतो. तिजोरीवर पहारा असतो. यंत्रं चालू असतात, कोणी माणूस ती बघत असतो. चोरी झाली, आग लागली, तरी तुमचा आकडा तोच राहतो.

बाबांनी विचार केला. मशीनचं चाक हाताने फिरवून आवाज ऐकताना करतात तसा, मान एका बाजूला झुकवून.

"म्हणजे मी नसतो तेव्हाही तुम्ही असता."

"हो."

"मग त्याचे पैसे झाले. मान्य." मागे कोणीतरी 'अरे काका' म्हणालं. बाबा वळले नाहीत. "पण बाई, खातं उघडताना एक पैसा नाही म्हणाला होतात. मग मध्येच सुरू केलंत. सुरू करायच्या आधी मला विचारलंत का?"

"फळ्यावर लावलं होतं," मी म्हटलं. म्हणता म्हणताच लाज वाटली.

"मला फळा वाचता येत नाही, हे या बँकेत एका माणसाला तरी माहीत होतं."

चढ्या आवाजात नाही, दादा. शांतपणे. एकदम दुकानातल्यासारखं, 'या स्क्रूला आटे राहिले नाहीत' म्हणतात तसं. आणि मला त्या एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. आकार घ्यावा की घेऊ नये, यावर मी सहा महिने डोकं शिणवलं, बर्फवाल्यांचं पटतंय की मोटारवाल्यांचं, ते ठरवत बसले. बाबांचं तसलं काही म्हणणंच नाही. ते द्यायला तयार आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, हे त्यांचं दुखणं आहे. बँकेने विचारलं नाही. तू अकरा शिंप्यांना विचारलंस, त्यांना नाही. आणि मी तर दोन्हीकडून. कापलेले सांगितले नाहीत, भरलेले सांगितले नाहीत. आता तू म्हणतोस, खोटं खरं करून टाकू आणि पुन्हा त्यांना विचारायचं नाही.

पुढे ऐक. ताईंनी पत्रक उलटं केलं आणि साध्या खात्याचं सांगितलं. जे मी सांगायला हवं होतं ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं. आकार बंद, वीस व्यवहार, तुमचे तर बाराच्या वर होत नाहीत, इथे सही करा. अर्ज पुढे सरकवला. बाबांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावलं.

"आज नको."

"का हो काका? महिन्याचे दीडशे वाचतील."

"आमचा मुलगा भरतो ते. आकारच बंद केला तर तो काय पाठवणार? त्याला विचारल्याशिवाय बंद नाही करत."

ताईंना सगळं माहीत आहे. पाच महिने माझे पैसे त्यांनीच घेतलेत. त्यांनी खाली बघितलं आणि शिक्क्याला विनाकारण शाई लावत बसल्या.

बाबा माझ्याकडे वळून "येतो बाई" म्हणाले आणि गेले. दारातल्या पहारेकऱ्याला सांगत होते, "त्या दोन नंबरच्या खिडकीतली पोरगी हुशार आहे. समजावून सांगते."

दादा, ते बँकेला दरमहा दीडशे देत राहणार, कारण त्यांच्या लेखी ती तुझी खुशाली आहे. आणि त्यातले पाच महिने तुझे नाहीत. तू पुढचे कितीही पाठवलेस तरी ते पाच तुझे होणार नाहीत. कधीतरी तुम्ही दोघं समोरासमोर बसाल, ते म्हणतील, "एप्रिलमध्ये तू पहिल्यांदा पाठवलेस तेव्हा," आणि तुला मान हलवावी लागेल. तुला जमेल? तुला खोटं बोलताना कान खाजवायची सवय आहे. त्यांना ती माहीत आहे.

मला सांगायचंच आहे. कसं आणि केव्हा, ते अजून कळलेलं नाही. पण तुला न विचारता सांगणार नाही, म्हणून हे पत्र. मी सांगू का?

तुझी बहीण

ता.क. : चौदा तारखेचे दीडशे जमा झालेत. मी पडद्यावर बघितले नाहीत, नातेवाइकाचं खातं आहे. ताईंनी बघून सांगितलं.


२७ सप्टेंबर, बुधवार

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एका ओळीचं. "सांग. मला विचारलंस, बास झालं." ते मी पेटीत ठेवलंय, सहीच्या सुईपाकिटांशेजारी.

परवा पंचवीस तारीख गेली. बाबांच्या खात्यातून दीडशे कापले गेले असतील आणि काल पहिल्यांदाच मी रांगेत उभी राहिले नाही. दुपारभर हात रिकामे वाटले. ताई म्हणाल्या, "चुकल्यासारखं वाटतंय ना? माझ्या खात्यात भर मग."

साहेबांना मी सोमवारी सांगून टाकलं. बँकेत काम करताना एका गिऱ्हाइकाच्या खात्यात पाच वेळा पैसे भरले, ते गिऱ्हाईक माझे वडील आहेत, आणि काही कारवाई असेल तर सांगा. लिहूनच नेलं होतं, दोन प्रतींत. त्यांनी चष्मा काढून वाचलं. म्हणाले, "बापाच्या खात्यात पैसे भरणं हा गुन्हा कधीपासून झाला?" मी म्हटलं, "पण मी सांगितलं नव्हतं." ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मी सासूबाईंच्या दुकानाचा भरतो. त्यांना बोलू नका." मग कागद परत केला आणि म्हणाले, "घरी जाऊन पत्रकाची मागची बाजू दाखवणं म्हणजे वशिला नव्हे हो. फळ्यावर लावलेली गोष्ट गुपित कशी असेल?" इतकी साधी गोष्ट होती. सहा महिने मी ती उलटी घालून फिरत होते.

मी तिथेच विचारलं, की ज्यांना वाचता येत नाही अशा खातेदारांना आपण एकेकाला बोलावून पत्रक वाचून दाखवू का, महिन्यातून एक दुपार. साहेब म्हणाले, "वरून आदेश नाही." मग म्हणाले, "पण नको असंही कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही बसा, मी चहा सांगतो." आकार बँक घेतेच आहे, तर निदान त्यातली एक दुपार त्यांच्या वाट्याला यावी. पहिल्या यादीत सत्तावीस नावं झालीत.

आता घरचं. काल संध्याकाळी गणवेशवाल्या काकूंचं मशीन बंद पडलं, ऐन कामात. बाबांबरोबर मी गेले, पिशवी धरायला. आत धाग्यांचा आणि धुळीचा लगदा निघाला, मुठीएवढा. काकू म्हणाल्या, "तेलाचा एक थेंब वेळेवर पडला असता तर आज माझे चाळीस गणवेश अडले नसते. तुमच्या पोराला मी तेव्हाच हो म्हणाले होते. महिन्याचे पैसे आनंदाने दिले होते. ते परत कोणी आणले? तुम्ही."

मी पिशवीतली पक्कड शोधत राहिले. ती हातातच होती.

बाबांनी चाक फिरवून बघितलं, आवाज ऐकला, झाकण बसवलं. मग म्हणाले, "मला विचारलं नाही त्याने."

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतंत?"

"नसतं म्हटलं," बाबा म्हणाले. "पण विचारायला हवं होतं."

"आणि आता विचारलं तर?"

बाबांनी हात पुसले. "आधी विचारू तर दे."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दुरुस्तीचे पैसे बाबांनी नेहमीएवढेच घेतले. पण परत येताना नाक्यावर थांबले आणि मला विचारलं, "लिफ्टला तो दर महिन्याला जाऊन नेमकं काय करतो गं? न बिघडलेल्या?" मी म्हटलं, मला नीट माहीत नाही, त्यालाच विचारा. "हं," म्हणाले. तुझ्यासारखंच. फोनवर तू म्हणतोस ना, अगदी तसंच.

दादा, मी घाबरलेली आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. परीक्षेच्या आधी, अभ्यास झालेला असताना वाटायचं तसं. स्क्रूड्रायव्हर खिळ्यावरच राहील, असं मी म्हणू शकत नाही. माझ्यावर रागावतील हे नक्की. दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी आईमार्फत पाणी मागतील. ते मी सोसेन. पण तुझ्याबद्दल त्यांना जे वाटतंय ते पाच महिन्यांच्या चुकीच्या ओळींवर उभं राहायला नको. एकाच ओळीवर राहिलं तरी चालेल, ती खरी असली म्हणजे झालं.

शनिवारी, तीस तारखेला, ताई पासबुक छापून देतील. अर्जाची मुदत ऑक्टोबर अखेरपर्यंत आहे, म्हणून कोरा अर्जही बरोबर घेतलाय. त्यावर सही करायची की नाही ते बाबा ठरवतील. त्यांना विचारणार आहे. तुझ्याकडून येणारी गाडी रविवारी सकाळी साडेनऊला पोचते, हे वेळापत्रकात बघून ठेवलंय. सहज.

या वेळी एकही ओळ गाळणार नाही आणि गाळलेल्याही परत वाचणार. एप्रिल, बँकेचा आकार दीडशे, भरले मी. मे, भरले मी. जून, मी. जुलै, मी. ऑगस्ट, मी. मग बाबांचं बोट धरून सहाव्या ओळीवर ठेवीन आणि म्हणेन, चौदा सप्टेंबर, दीडशे, हे दादाचे.

रविवार, एक ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता. चहा झाल्यावर, बाबांनी दोनदा हात धुतले की.

तुझी,
काळजीवाहू